ढळढळीत खोट

घड्याळजींनी रोल टेबलाच्या कडेवर आपटला. कागद फाटला आणि कोरी करकरीत नाणी खळखळ करत थाळीत सांडली.

"हळू हो," भिंतीला टेकून बसलेली बायको म्हणाली. "तुमच्या या खणखणाटाने कानही जायचे माझे."

डोळे तर जातच होते. एक गेलाच होता.

दुकान बंद केल्यापासून घड्याळजींचं भिंग रिकामं पडलं होतं, ते आता या कामाला जुंपलं होतं. बँकेतून नव्या नाण्यांचे रोल आणायचे, एकेक नाणं भिंगाखाली उलटंसुलटं करायचं आणि पुन्हा गुंडाळून परत द्यायचं. कॅशिअर वैतागला होता. "काका, तुम्ही नाणी खर्चायला नेता की आंघोळ घालायला?" म्हणेना का! जुन्या-नव्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने घड्याळजींना स्पष्ट सांगितलं होतं. टांकसाळीत चुकलेलं नाणं आणा. चूक जितकी ढळढळीत तितका भाव, पण बोट लागलं की भाव उतरलाच म्हणून समजा. असं एक जरी सापडलं, तरी बायकोच्या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन होणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, फार थांबू नका.

गंमत अशी की मुलगा नेमका टांकसाळीतच, तपासणीच्या टेबलावर. समोरून नाणी सरकत येणार, त्यातलं चुकलेलं उचलून बाजूला टाकायचं, हेच त्याचं काम. म्हणजे बापाला जे हवं होतं, तेच मुलगा दिवसभर वेचून वितळायला पाठवत होता.

"अरे, एखाद्या वेळी कर की डोळेझाक," घड्याळजी त्याला चिडवायचे. "तेवढंच म्हाताऱ्याचं नशीब फळफळेल."

"माझ्या टेबलावरून चूक सुटायची नाही, बाबा. डोळ्यांत तेल घालून बसतो मी."

आईचं हे दुखणं घराण्यातलं दिसतंय, तिच्या वडिलांनाही होतं, तेव्हा मुलालाही एकदा आणून दाखवा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा तो हसला होता. "डोळ्यांवर तर पोट आहे माझं. मला काय धाड भरलीय?"

बायकोनेही वर्षभर कुणाला कळू दिलं नव्हतं. कपाच्या कडेवरून अंगठा फिरवायची आणि मगच चहा ओतायची. घड्याळजींना वाटायचं, टवका उडालाय का ते बघतेय. जन्मभर केसाएवढे स्क्रू हुडकणाऱ्या माणसाला शेजारी बसलेली बायको दिसली नाही, ही गोष्ट त्यांना अजून आतून खात होती.

थाळीतली निम्मी नाणी बघून झाली आणि ते हाती आलं. भिंगाची गरजच पडली नाही. सालाचा शेवटचा आकडा दोनदा उठला होता, एक जागच्या जागी आणि दुसरा त्याला खेटून, तिरका. शाळेतलं पोरही सांगेल, इतका स्वच्छ. तरी त्यांनी भिंग लावलं. पुन्हा लावलं. आणखी बोट लागू नये म्हणून त्यांनी नाणं चिमट्याने उचलून रुमालावर ठेवलं.

मग त्यांनी रोलचा फाटका कागद जुळवून बघितला. टोकाला तपासणीच्या टेबलाचा शिक्का होता. मुलाचंच टेबल. घड्याळजींना हसू आवरेना. वा रे पठ्ठ्या! डोळ्यांत तेल घालून बसतो म्हणे!

"गप्प का झालात?" बायकोने विचारलं.

"काही नाही. येऊ दे त्याला. त्याच्याच तोंडून ऐक."

मुलगा दुपारी आला. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर पडलं होतं. घड्याळजींनी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला आणि रुमाल पुढे सरकवला.

"हे तुझ्या टेबलावर आलं असतं, तर काय केलं असतंस रे?"

ते 'बोट लावू नकोस' म्हणेपर्यंत मुलाने नाणं उचललंही होतं. त्याने ते उन्हात धरलं, तिरकं केलं, उलटं केलं.

"काय करणार? पुढे सोडलं असतं. कड सलग आहे, ठसा खोल उठलाय. ठणठणीत नाणं आहे, बाबा."

"नीट बघ."

"बघितलं की!" मुलगा एकदम खेकसला.

आपली फिरकी घेतोय लेकाचा, असं घड्याळजींना वाटलं. त्याने कुठे हसू दाबलंय का, हे शोधायला त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. घामाचे थेंब होते. मुलगा नाण्याकडे बघतही नव्हता. त्याचं तोंड खिडकीकडे होतं आणि अंगठा नाण्याच्या कडेवरून सावकाश फिरत होता. एक फेरा पुरा झाला, मग दुसरा. बायकोचा कपाच्या कडेवरून फिरायचा, अगदी तसा.

नाण्याचा भाव उतरत होता. घड्याळजी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"अहो," भिंतीपाशी बसलेल्या बायकोने हाक मारली. "सापडलं का काही?"

"हो," घड्याळजी म्हणाले. "सापडलं."