व्हर्लीनचं पिस्तूल

आमच्या आणि व्हर्लीनच्या कुरणांमधल्या कुंपणावरून पूर्वी आमचे नवरे भांडायचे. ते गेल्यावर ते काम आम्हा दोघींकडे आलं. संधिवाताने तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती, तरी ती पिस्तूल घ्यायला आली, तेव्हा मी त्याच दुकानात मुंग्यांचं औषध घेत होते.

"हे छोटंसं बघा, आजी," दुकानदार कर्टिस म्हणाला.

"छोटं झाडताना हातात जास्त उसळतं, एवढं कळतं मला. आणि आजी तुझ्या घरी!"

एकाचा चाप तिला दाबवेना, दुसऱ्याचा वरचा भाग मागे ओढवेना.

"तिला पाण्याची पिचकारी दे रे," मी म्हणाले.

"तुझ्यासाठीच घेतेय, म्हातारडे!"

शेवटी कर्टिसने एक जरा जड, पण हलक्या हाताने चालणारं पिस्तूल काढलं. त्याचा वरचा भाग तिला सहज मागे ओढता आला. माझ्याकडे बघून ती चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिकअप माझ्या दारात. एका हातात गोळ्यांचं खोकं, दुसऱ्या हातात पिस्तुलाचं रिकामं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी. त्यातली स्प्रिंग इतकी कडक, की तिच्या अंगठ्यांनी एकही गोळी आत जाईना. दुकानात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि पाच मैलांत माझ्या घराशिवाय दुसरं घर नव्हतं. मी खुर्ची पुढे केली आणि भरायला बसले.



"गच्च भर," ती गुरगुरली, "एका गोळीत मरणाऱ्यांतली नाहीस तू."