कानांची साक्ष

बटण दाबून मिस्त्री पुन्हा ऐटीत बसला. कानांवर जाडजूड हेडफोन, समोर काच, काचेपलीकडे कान तपासणाऱ्या बाई. बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. मिस्त्रीने आतापर्यंत एकही आवाज चुकवला नव्हता. चुकवणार कसा? आवाज सोडताना बाईंचा उजवा खांदा किंचित पुढे यायचा, आणि मिस्त्री त्या खांद्यावर डोळा ठेवून होता. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस! बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. आता त्याच कानांत दिवसभर किर्र भरलेलं असायचं आणि फोन उशाशी वाजून वाजून गप्प झाला तरी त्याला पत्ता लागत नसे.

नाकाच्या मागे, घशाच्या पार वरच्या टोकाला त्याला कॅन्सरची गाठ होती. रोज रेडिएशन, आणि तीन आठवड्यांनी एकदा सलाइनमधून औषध. त्या औषधाचीच चाचणी चालू होती. निम्म्या रोग्यांना जुनं औषध, निम्म्यांना नवं. कुठल्या औषधाने गाठ किती हटते आणि कानांचं काय होतं, हे पाहायचं होतं. पिशव्या सगळ्या सारख्या. कोणाला कुठलं मिळतंय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीला मात्र ठाऊक होतं. परवाच्या एमआरआयमध्ये गाठ निम्मी झालेली दिसली होती. जुन्या औषधाची काय बिशाद! आपल्याला नवंच मिळतंय, हे त्याने बायकोला, शेजाऱ्यांना, रेडिएशनच्या रांगेतल्या झाडून सगळ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. ऐकू येणं ठरलेल्या रेषेखाली गेलं की औषध बंद, आणि कानांचं नुकसान त्या औषधाच्या नावावर, असा चाचणीचा नियम होता. ज्याने जीव वाचवला त्याचीच चुगली करायची? ते मिस्त्रीच्या रक्तात नव्हतं.

खांदा हलला. मिस्त्रीने बटण दाबलं. पुन्हा हलला, पुन्हा दाबलं.

बाई उठून आत आल्या. त्यांनी हेडफोन काढून घेतला, स्टूल ओढलं आणि त्याच्या अगदी समोर बसून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "काका, शेवटच्या सहा वेळा मी आवाज सोडलाच नव्हता."

मिस्त्री अजिजीने म्हणाला, "बाई, गाठ हटतेय हो. एकच डोस राहिलाय. कानांचं काय घेऊन बसलात? ठीक आहेत म्हणून लिहून टाका ना."

बाई रागावल्या नाहीत. "तुमचे कान जे सांगतील तेच मी लिहिणार. तुमचा कागद बघून उद्या दुसऱ्या माणसांना औषध देणार आहेत, काका. तुम्ही खोटं दाबलंत, तर ज्या औषधाने तुमचे कान नेले तेच निर्दोष ठरेल."

"आणि खरं दाबलं, तर माझा डोस?"

"बंद होईल. रेडिएशन चालू राहील."

मिस्त्रीचं तोंड रेडिएशनने आधीच कोरडं पडलेलं. त्याने बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला, आणखी एक घेतला. दाराच्या काचेतून बाहेर बाकावर बसलेली बायको दिसत होती. ती त्याच्या फायलीतले कागद उगीचच पुन्हा पुन्हा लावत होती. तिच्यासाठी तरी जगायला हवं होतं. पण रांगेत रोज नवे चेहरे येत होते. कालच एक शाळाबाई आल्या होत्या. शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा आपल्या कानांतून सुटत नाही, अशी त्यांची बढाई. मिस्त्रीला त्यांचं बोलणं अर्धंच कळलं होतं, तरी तो हसला होता.

"खुर्ची फिरवा, बाई," तो म्हणाला. "माझ्याकडे पाठ करून बसा."

एवढं बोलून त्याने स्वतःच हेडफोन चढवला आणि डोळे मिटून घेतले. जीव वाचवायला बटण दाबणारे पुष्कळ भेटतील. जीव टांगणीला लागलेला असताना अंगठा आवरायला वाघाचं काळीज लागतं, आणि ते या माणसापाशी होतं. बाईंनी आवाज एकेक पायरी चढवत नेला. बटण दाबलं की लागणारा मशीनवरचा दिवा लागला नाही. आणखी चढवला, तरी नाही. शेवटी आकडे लिहिताना बाईंना अक्षर नीट दिसेना, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

डोस बंद झाला. रेडिएशन पुरं झालं आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये गाठीची जागा रिकामी दिसत राहिली. मिस्त्री गॅरेजात परतला. आता तो बॉनेटवर तळवा टेकवून इंजिनाची धडधड जोखत असे.

तीन वर्षांनी चाचणीचा निकाल पत्राने आला. मिस्त्रीने हात पुसून ते वाचायला घेतलं. नवं औषध गाठीवर जुन्याइतकंच चालतं, आणि कानांना फारसा धक्का लावत नाही. यापुढे रोग्यांना तेच द्यावं, असं ठरलं होतं.

"बघ! मी काय सांगत होतो?" त्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली. मग त्याचा चेहरा पडला. "पण हे काय गं? कानांना धक्का लावत नाही म्हणे! मग माझे कान काय उंदरांनी नेले?"

बायकोने पत्र उलटलं आणि मागच्या बाजूला टाईप केलेल्या एकुलत्या एक ओळीवर बोट ठेवलं.

'चाचणीमध्ये आपल्याला जुने औषध देण्यात आले होते.'