उतरायचं कार्ड

क्रूझ जहाजावरचे बाकीचे प्रवासी उंटावर बसून फोटो काढत होते, तेव्हा इंदुमती पहिल्या दोन्ही बंदरांत आपल्या पोराचा, रुपेशचा फोटो दुकानादुकानांत दाखवत फिरली. याच जहाजावर तो भांडी घासायचा. "बंदरात उतरून पळाला," म्हणत कंपनीने त्याची बॅग घरी पाठवली आणि हात झटकले.

तिसऱ्या बंदरावर सोबत आलेली लेक वैतागली. "मी दमले, आई. हे घे तुझं कार्ड, जा एकटी!"

जहाजाच्या दारातल्या मशीनवर इंदुमतीने घाईत पर्समधलं भलतंच कार्ड ठेवलं.

"मावशी, हे कामगाराचं. तुमचं काढा," रत्नागिरीचा सिक्युरिटीवाला हसला. "कार्डाशिवाय इथून कॅप्टनपण उतरत नाही."

ते कार्ड रुपेशचं होतं. त्याच्या बॅगेतूनच घरी आलेलं.

"उतरताय ना, मावशी?"

"हरामखोरांनो," ती पुटपुटली. मग बंदराकडे पाठ फिरवून कठड्याशी गेली आणि फोटो समुद्राला दाखवू लागली.