अळणी ताक

तिसऱ्या दिवशीही कोंडाबाई ताकाचं मडकं घेऊन पोलिसांपुढं आली. पहिला घोट घेताच कुंडलिक शिपायानं कपाळाला हात लावला.

"पुन्यांदा आळणी!"

पासली गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर धनगरांची सात घरं होती. रान राखीव झालंय, घरं उठवा, असा जंगलखात्याचा हुकूम निघाला होता. बदली जागा दाखवली ती खाली भाटघरकडं, नुसता खडक. म्हसरांना चघळायला काडी नाही. वस्तीनं तोंडी उत्तर दिलंच नाही. दारादारात म्हशी बांधल्या आणि माणसं उंबऱ्यांवर बसली. रखमाजी हवालदार आणि त्याचे दहा शिपाई समोरच्या माळावर अडकून पडले. बंदुका शिपायांकडं होत्या, पण म्हशींना ते कोण सांगणार? पुढं गेलं की त्या शिंगं खाली घालायच्या आणि शिपाई मागं यायचे.

भांडण भांडणाच्या जागी. दारी आलेल्याला ताक दिल्यावाचून धनगराला चैन पडत नाही. कोंडाबाई रोज सगळ्यांचे वाडगे भरायची. फक्त त्यात मीठ नसायचं.

आज कुंडलिकचं लक्ष तिच्या दारातल्या म्हशीकडं गेलं. पुढच्या दगडी डोणीत लिंबाएवढा मिठाचा खडा होता आणि म्हैस तो मजेत चाटत होती.

"म्हशीला खडा आन आमाला आळणी? लई चिक्कू हाय म्हातारी."

कोंडाबाई ओतता ओतता थांबली. तिला राग आला नव्हता.

"चिक्कू न्हाई रं बाबा. आज न्हाई तर उद्या तुमी आमची घरं मोडणार. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं घर मोडलं, म्हंजी पाप लागतं. तुमी हुकमाची मानसं. तुमच्या लेकराबाळांच्या डोक्यावर कशाला ते?"

हातातल्या वाडग्याचं काय करावं ते कुंडलिकला कळेना.

रखमाजी हवालदार उठला. सकाळी खालून आलेली चिठ्ठी त्याच्या खिशात होती. ती त्यानं अजून कुणाला दाखवली नव्हती.

"मावशी, उद्या न्हाई, आजच. दिस मावळायच्या आत घरं पाडायची. म्हशी आडव्या आल्या तर गोळी घालायची."

उंबऱ्यावरून कोंडाबाईचा लेक बिरू ताडकन उठला. तिनं हाताच्या खुणेनंच त्याला खाली बसवलं. मग ती पुन्हा मडक्याकडं वळली.

"मग पोटभर प्या. घरं दगडाची हायती, ताकद लागंल."

ती टोचून बोलली नव्हती. हवालदाराला तेच लागलं.

"मावशी, माज्या वाडग्यात मीठ घाला."

"न्हाई. नोकरी जाईल तुमची."

"घाला म्हनतो न्हवं."

"न्हाई." तिनं मडकं पदराखाली घेतलं.

हवालदार वाडगा घेऊन सरळ म्हशीपाशी गेला. तीन दिवसांत एकही शिपाई तिच्या इतका जवळ गेला नव्हता. तिनं मान वर करून फुसकन श्वास सोडला. त्यानं डोणीत हात घातला, चाटून गुळगुळीत झालेला खडा उचलला, ताकात टाकला आणि बोटानं ढवळू लागला.

"अवो हवालदार," कोंडाबाई ओरडली, "उष्टा हाय त्यो! धुऊन तरी घ्या!"

तोवर त्यानं वाडगा तोंडाला लावला होता.