उंच उचलताना

रशियाची लिडिया जोडीने स्केटिंग करायची. एका स्पर्धेत ती जोडीदाराच्या हातांतून निसटून बर्फावर आदळली आणि तिचं डोकं फुटलं. हादरलेल्या जोडीदाराने स्केटिंग सोडलं. तिने सोडलं नाही. बरी झाल्यावर ती इंग्लंडला आली आणि तिथल्या पिनर उपनगरातल्या नील दिघेबरोबर सराव करू लागली. सगळं जमत होतं, पण तिला हातांवर उंच उचलायची वेळ आली की नील थांबायचा. आज स्लाऊ गावातल्या बर्फाच्या रिंकवर तो पुन्हा थांबला. "सॉरी, तुला भीती वाटत असेल," तो म्हणाला. "मला नाही, तुला वाटतेय," लिडिया म्हणाली. तिने त्याचा हातमोजा काढला आणि त्याची बोटं आपल्या केसांतल्या व्रणावर ठेवली. "बघ, जखम भरलीय. चल." दोघांनी वेग घेतला. नीलने तिला उचललं, हात ताठ केले. वरून लिडिया हसत म्हणाली, "नील, आता श्वास घे."