आठ वाजताची माफी

"माफ," लाँड्रीवाल्याची बायको म्हणाली.

"माफ," त्याची थोरली बहीण म्हणाली.

"माफ!" आठ वर्षांची लेक म्हणाली आणि तिने लगेच चमचा उचलला. तिला सडकून भूक लागली होती.

लाँड्रीवाल्याने डोळे उघडले. देवाने आणि घरच्यांनी मिळून त्याला नेहमीसारखं सोडून दिलं होतं. त्याने कबूल काय केलं होतं, तर "देवा, आज माझ्याकडून एका कोटाकडे जरासं दुर्लक्ष झालं." बस, एवढंच. दुकानातून घरी येताना त्याने ते वाक्य नीट घडी घालून ठेवलं होतं.

पद्धत त्याचीच होती. रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. एकेकाने दिवसभरातली आपली चूक देवासमोर सांगायची आणि बाकीच्यांनी "माफ" म्हणायचं. सगळ्यांचं "माफ" झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. आणि आजची चूक आजच, उद्यावर ढकलायची नाही. मुलांच्या मनात देव रुजवायचा तर तो असा, घरातल्या घरात, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. कपडे न्यायला आलेला माणूस पळून तरी कुठे जाणार? त्याची पँट याच्या ताब्यात. स्वतःच्या चुका मात्र तो मोठ्या गोंडस निवडायचा. चहात साखर जास्त घेतली. बहिणीला दोनदा हाक मारायला लावली. एकदा तर "मी माणसांवर फार लवकर विश्वास टाकतो" हीसुद्धा त्याने चूक म्हणून सांगितली होती, आणि बायकोने ताटाकडे बघत ती माफ केली होती.

कोटाचं झालं होतं ते असं. दुपारी इस्त्रीवाली मावशी मागच्या खोलीत डबा खायला बसली होती. वकिलांचा काळा कोट घाईचा होता, म्हणून लाँड्रीवाल्याने स्वतःच इस्त्री हातात घेतली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि याने आठ वाजताच्या पद्धतीचं पुराण लावलं. तो असा रंगात आला की विचारू नका. क्षमेपर्यंत पोचला तेव्हा धूर निघाला. इस्त्री कोटाच्या कॉलरवर तशीच बसून होती.

संध्याकाळी, लेक घरी गेल्यावर, वकील आले, कडाडले, आणि लाँड्रीवाल्याचं बोट आपसूक मावशीकडे गेलं. "मी जेवत होते हो," ती एकदाच म्हणाली. अकरा वर्षं ती त्या इस्त्रीमागे उभी होती. वकिलांच्या देखत त्याने तिला "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. तिने रिकामा डबा पिशवीत टाकला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लेक दुकानात आली. रोज ती मावशीजवळच, चादरींच्या गरम गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. आईला कामावरून यायला उशीर झाला, तर मावशी तिला आपल्या घरीही घेऊन जायची. आज गठ्ठा होता, मावशी नव्हती.

"मावशी कुठे गेली?"

"काढून टाकलं. कोट जाळला तिने."

"कुठला कोट?"

"वकिलांचा, काळा." समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून त्याने जोडून दिलं, "हलगर्जीपणा केला की असं होतं, बाळा."

लेकीने मान खाली घालून वही उघडली. पोरीला बरोबर धडा मिळाला, असं वाटून लाँड्रीवाल्याला समाधान वाटलं.

आठ वाजले. लेक सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. एरवी ती टेबलाखाली पाय हलवत बसायची. आज तिने ते खुर्चीखाली घट्ट ओढून घेतले होते. लाँड्रीवाल्याकडे आजची चूक तयार होती, फोनवर जरा आवाज चढला होता. पण लेक म्हणाली, "आधी मी."

तिने हात जोडले. "देवा, माझी चूक कालची आहे. काल मी बाबांना माफ म्हटलं."

"अगं, त्यात कसली चूक?" आत्याने विचारलं.

"बाबा इथे म्हणाले, त्यांचं कोटाकडे दुर्लक्ष झालं. दुकानात म्हणाले, मावशीने जाळला. कोट एकच होता, आत्या."

बायकोने ताटावरची नजर उचलून नवऱ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं.

"माफ," ती लेकीला म्हणाली.

"माफ," आत्या म्हणाली.

आता त्याचं राहिलं होतं. म्हणावं, तर सगळं कबूल केल्यासारखं. न म्हणावं, तर जेवण निवत चाललेलं आणि पोटात कावळे ओरडत होते. "मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी..." असं त्याने सुरू करून पाहिलं, पण ताटाकडे कुणाचाच हात गेला नाही. देवाची मदत घ्यावी, तर देव याच टेबलाशी रोज आठला हजर असतो, असं यानेच गावभर सांगून ठेवलेलं. त्याला लाज वाटली. वाटायला हवी होती तेवढी नाही, पण वाटली.

"माफ," तो पुटपुटला. "मीच जाळला कोट. उद्या बोलावतो तिला. वकिलांनाही सांगतो. झालं? जेवा आता."

"आजची चूक आजच," लेक म्हणाली.

"अगं, पण ती राहते कुठे, हे तरी कुणाला..." तो मध्येच थांबला. अकरा वर्षांत त्याने कधी विचारलंच नव्हतं.

लेक खुर्चीवरून खाली उतरली. घरात बूट घालायचे नाहीत, हाही त्याचाच नियम. तिच्या पायांत बूट होते, नाड्या बांधून तयार.