कुलपाची किल्ली

आखातात, सुलैबियातल्या खोलीत आम्ही कामगार जेवत होतो. टीव्हीवर बातमी आली: अमेरिकेत एका पोराने बापाची बंदूक शाळेत नेऊन वर्गातल्या मुलांना गोळ्या घातल्या.

"आधी त्या बापाला आत टाका!" धाकू सुतार ताटावरून ओरडला. "बंदूक उघड्यावर ठेवलीच कशी? माझ्या घरात पण आहे, रानडुकरांसाठी, परवान्याची. मागच्या सुट्टीत पोराला नीट चालवायला शिकवली, कुलूप लावून आलो."

"चालवायला शिकवलीस," सिराज म्हणाला. "राग आला तर काय करायचं, ते शिकवलंस?"

धाकूने चिडून सगळ्यांसमोर घरी फोन लावला, स्पीकरवर. "बंदुकीची किल्ली कुणाकडे असते गं?"

"पोराच्याच गळ्यात," बायको म्हणाली. "शेतात डुकरं शिरली तर दुसरं कोण आहे घरात? तुम्ही जरा बोला त्याच्याशी. मास्तरांनी वर्गात मारलं, तेव्हापासून धुमसतोय. माझं ऐकत नाही."

"दे त्याला फोन."

पलीकडे कुजबुज झाली. मग पुन्हा बायकोच आली. "तो म्हणतो, बाबा सुट्टीवर आले की बोलेन."

धाकूची सुट्टी पुढच्या शिमग्याला होती, अजून सहा महिन्यांनी.